मायग्रेशनआधीची मोजणी

जुनी संगणक प्रणाली बदलायचं ठरलं की संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस लागतील? उत्तर देणाराही बहुधा दोन आकडे सांगून मोकळा होतो. टेबलं चारशे, डेटा साठ जीबी, म्हणजे तीन महिने धरून चला. या दोन आकड्यांवरून दिवसांचा अंदाज बांधता येत नाही, हे मला या प्रकरणात दाखवायचं आहे. साठ जीबी डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायला काही तास पुरतात. महिने जातात ते गेल्या वीस वर्षांत कोणी, कोणता नियम, डेटाबेसच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवून दिला हे हुडकण्यात.

समजायला सोपं जावं म्हणून तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था डोळ्यांपुढे आणू. सभासद, भाग, बचत खाती, पिग्मी, मुदत ठेवी, कर्जं असा तिचा सगळा कारभार ओरॅकल डेटाबेसवर चालतो. परवान्याचा खर्च झेपेनासा झाला, म्हणून तिला पोस्टग्रेस या मोफत आणि मुक्त डेटाबेसवर जायचं आहे. संस्था काल्पनिक आहे, पण पुढे येणाऱ्या तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लहानमोठं पाहत नाहीत. अ‍ॅमेझॉनने आपल्या ग्राहक व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचं ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं. तोवर जवळपास ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा हलवून झाला होता, आणि त्या कामात शंभराहून अधिक गट गुंतले होते. पतसंस्थेकडे एक संगणक विभाग असतो, त्यात दोन माणसं. म्हणून तिला मोजणी अधिकच चोख करावी लागते.

मोजणीची सुरुवात सोपी आहे आणि त्याचं श्रेय एडगर कॉड यांचं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या या गणितज्ञाने १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली: माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलांमधली नाती मूल्यांवरून जुळवायची. पुढे १९८५ मध्ये त्यांनी अशा डेटाबेसने पाळायचे नियम सांगितले. त्यांतला एक आपल्या फार कामाचा आहे. डेटाबेसने स्वतःच्या रचनेची माहितीही टेबलांतच ठेवावी आणि ती नेहमीच्याच भाषेत विचारता यावी, असा तो नियम. त्यामुळे आज ओरॅकलला सरळ विचारता येतं: तुझ्याकडे टेबलं किती, कॉलम किती, कोणतं टेबल कोणावर अवलंबून, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारे आदेश) किती, प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रामच्या) ओळी किती? एका दुपारच्या कामात ही यादी हातात येते. माझं ठाम मत आहे की ही यादी काढल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराचा दर ऐकूनसुद्धा घेऊ नये.

यादी हातात आली की ती वाचायची कशी, हा खरा प्रश्न. चारशे टेबलांपैकी निम्मी रिकामी किंवा मेलेली निघू शकतात. नावाच्या शेवटी ‘बॅकअप’, ‘ओल्ड’, ‘टेंप२’ असलेली टेबलं कोणीतरी कधीतरी धास्तीपोटी करून ठेवलेली असतात. ती गळली की आकडा उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण उरलेल्यांत एकशे ऐंशी कॉलमांचं एक सभासद टेबल असतं, आणि त्यात ‘एक्स्ट्रा१’, ‘फ्लॅग३’, ‘रिमार्क’ असे कॉलम. ‘फ्लॅग३’मध्ये काही ठिकाणी वाय, काही ठिकाणी एन आणि काही हजार ठिकाणी एस. एस म्हणजे काय, हे यादी सांगू शकत नाही. असा प्रत्येक कॉलम वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावा, कारण त्याचं उत्तर कोणत्या तरी माणसाकडे असतं आणि तो माणूस कदाचित पुढच्या वर्षी निवृत्त होणार असतो.

फॉरेन कीचा आकडा मात्र उलट वाचायचा असतो. फॉरेन की म्हणजे एका टेबलातल्या नोंदीने दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधून घेणं: कर्ज असेल तर कर्जदार सभासद असलाच पाहिजे. अशा बंधनांचं जाळं दाट असलं की पाहणारा दचकतो. डेटा कोणत्या क्रमाने भरायचा, दोन टेबलं एकमेकांवरच अवलंबून असतील तर काय करायचं, असे प्रश्न उभे राहतात. पण ते सुटणारे प्रश्न आहेत. खरी काळजी वाटावी ती चारशे टेबलं आणि फॉरेन की फक्त अकरा, असं दिसलं तर. नाती तर असणारच, कारण पतसंस्था चालू आहे. याचा अर्थ ती डेटाबेसने कधी तपासलीच नाहीत, प्रोग्रामच्या भरवशावर सोडली. मग सभासदाविना कर्ज, खात्याविना व्यवहार अशा निराधार नोंदी निघतात आणि प्रत्येकीचा वारस शोधत बसावं लागतं. दिसायला सुटसुटीत असलेली रचना इथे सगळ्यात जास्त दिवस खाते.

ओरॅकल ते पोस्टग्रेस या वाटेसाठी ‘ओराटूपीजी’ नावाचं मोफत साधन आहे, जील दारोल्ड या फ्रेंच तज्ज्ञाने लिहिलेलं. ते ओरॅकलची रचना वाचतं, तिचं रूपांतर करतं आणि मागितलं तर कामाचा अंदाजही देतं. अंदाजाची पद्धत मला आवडते, कारण ती आकाराकडे फारशी बघत नाही. प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक अवघड रचनेला ते काही एकक देतं. एक एकक म्हणजे, वेगळं सांगितलं नाही तर, पोस्टग्रेस जाणणाऱ्या माणसाची पाच मिनिटं. सगळ्यांची बेरीज होऊन माणूस-दिवस निघतात. शेवटी एक अक्षर आणि एक अंक मिळतो. ‘ए’ म्हणजे काम जवळजवळ आपोआप होईल, ‘बी’ म्हणजे हाताने पुन्हा लिहिणं आहे पण पाच माणूस-दिवसांपर्यंत, ‘सी’ म्हणजे त्याहून जास्त. अंक एकपासून पाचपर्यंत. एक म्हणजे प्रोसिजर नाहीत, ट्रिगरही नाहीत. पाच म्हणजे ते आहेत आणि हाताने लिहावे लागणार. साठ जीबीचा डेटाबेस ‘ए-१’ येऊ शकतो आणि दोन जीबीचा ‘सी-५’. संचालकांना समजावून सांगायला एवढी एक तुलना पुरे होते.

पण साधनाला रचना दिसते, आतला डेटा काय बोलतो ते कळत नाही. इथे जरा थांबून एक गोष्ट नीट पाहू.

ओरॅकलमध्ये रिकामं अक्षर-मूल्य आणि ‘नल’, म्हणजे माहितीच नाही, हे एकच मानलं जातं. पोस्टग्रेसमध्ये ती दोन वेगळी असतात. पुस्तकात एका ओळीत संपणारा हा फरक पासबुकावर कसा उतरतो पाहा. जुन्या प्रोग्राममध्ये पूर्ण नाव छापायला पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव एकापुढे एक जोडलेलं आहे. मधलं नाव नसेल तर ओरॅकल ते सोडून देतो आणि बाकीचं जोडतो. पोस्टग्रेसमध्ये जोडणीतला एक तुकडा जरी नल असला तरी सगळं उत्तर नल होतं, म्हणजे पूर्ण नावच गायब. आता चाचणी कशी होते? पाच-पंचवीस सभासद घेऊन. आपल्याकडे माणसाच्या नावात वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतंच, त्यामुळे पंचवीसच्या पंचवीस नावं बरोबर छापली जातात. पहिल्या सोमवारी महिला बचत गटाची अध्यक्ष पासबुक भरायला येते. बचत गट, देवस्थान, दूध संस्था यांच्या खात्यांना मधलं नाव नसतं. तिच्या पासबुकावर नावाची जागा कोरी येते. म्हणून मोजणीच्या वेळीच दोन आकडे काढून ठेवावेत: कोणत्या कॉलमात किती नोंदी रिकाम्या आहेत, आणि त्या कॉलमाची जोडणी किंवा तुलना किती प्रोसिजरमध्ये होते. दुसरा आकडा साधारणपणे कोणी काढत नाही.

तारखेचंही असंच. ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये सेकंदापर्यंतची वेळ असते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये फक्त दिवस. नावाला नाव जुळवून रूपांतर केलं तर वेळ गळून पडते. सकाळी अकराला भरलेले पाच हजार आणि दुपारी तीनला काढलेले चार हजार यांचा क्रम ठरवायला मग काहीच उरत नाही, आणि खातेउताऱ्यात शिल्लक मध्येच वजा दिसू शकते. उपाय साधा आहे, वेळ धरून ठेवणारा प्रकार निवडायचा. पण कोणत्या कॉलमात वेळ खरोखर वापरात आहे आणि कुठे सगळीकडे रात्रीचे बारा पडले आहेत, हे डेटा वाचूनच कळतं.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक थर वाढतो. ओरॅकलमध्ये मजकुराच्या कॉलमाची लांबी, वेगळं सांगितलं नसेल तर, बाइटमध्ये मोजतात, पोस्टग्रेसमध्ये अक्षर-चिन्हांत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. तीसची मर्यादा असलेल्या कॉलमात जुन्या डेटाबेसमध्ये तो जेमतेम बसायचा आणि ‘महाराष्ट्रातील’ बसायचाच नाही. म्हणून जुन्या नोंदींत पत्ते तोडून लिहिलेले सापडतात. ते तुटलेले पत्ते आता जागा मिळाली म्हणून आपोआप पुरे होत नाहीत.

त्याहून कठीण प्रकरण युनिकोडपूर्व फॉन्टचं. महाराष्ट्रात कितीतरी कार्यालयांत नव्वदच्या आणि नंतरच्या दशकात मराठी टाइप झालं ते सी-डॅकच्या सुरेख किंवा श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये. तिथे डेटाबेसमध्ये मराठी अक्षर नसतंच. रोमन चिन्हांची ओळ असते आणि तो फॉन्ट लावला की ती मराठीसारखी दिसते. जोडाक्षरं अर्ध्या तुकड्यांनी बनलेली, वेलांटी आधी की अक्षर आधी हेही फॉन्टनुसार वेगळं. एकाच टेबलात दोन फॉन्टची सरमिसळ असेल तर कोणती नोंद कोणत्या फॉन्टची हे आधी ओळखावं लागतं. अशा कॉलमांना मी मोजणीत वेगळी वही देईन आणि त्यांच्या दिवसांचा अंदाज कोणत्याही साधनावर सोडणार नाही.

आकड्यांचा अर्थही कॉलमाच्या नावावरून कळतो असं नाही. शेतकर्जाच्या तारणात जमिनीचं क्षेत्र असतं. एका नोंदीत २.१५ लिहिलं आहे. हेक्टर-आरमध्ये असेल तर ते दोन हेक्टर पंधरा आर, आणि शंभर आरचा हेक्टर असल्यामुळे दशांश म्हणूनही बरोबर. पण जुन्या सवयीने एकर-गुंठ्यांत लिहिलं असेल तर ते दोन एकर पंधरा गुंठे, म्हणजे दशांशात २.३७५ एकर, कारण एकराला गुंठे चाळीस. अशा दोन नोंदी, १.३० आणि १.२०, संगणकाने बेरजेला घेतल्या तर २.५० येतं, खरं उत्तर तीन एकर दहा गुंठे. दोन्ही पद्धतींच्या नोंदी एकाच कॉलमात असतील तर कोणतंही साधन त्या वेगळ्या करू शकत नाही. गट नंबरही असाच फसवा. ‘४५/२/अ’ हा मजकूर आहे, पण पहिली काही हजार मूल्यं निव्वळ अंकांची असली की नव्या रचनेत कोणीतरी त्याला संख्येचा कॉलम करून बसतं.

ही अडचण आपल्या राज्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. सातबारे संगणकावर आले तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत तफावती निघाल्या, आणि त्या दुरुस्त करण्यासाठी महसूल खात्याला एडिट मॉड्यूल आणावं लागलं, चावडी वाचनाच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. गावात चावडीवर उतारे वाचून दाखवायचे आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्यामागे हे वाचन आहे. डेटा तपासण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. ज्याची नोंद त्याच्यापुढे वाचायची. पतसंस्थेनेही प्रत्येक शाखेतल्या जुन्या कारकुनापुढे आणि पिग्मी एजंटापुढे त्यांच्या भागातली खाती ठेवावीत. त्या दोन दिवसांत जे सापडतं ते आठवडाभर क्वेरी लिहूनही सापडत नाही.

आता ट्रिगर. व्यवहाराची नोंद पडली की खात्याची शिल्लक आपोआप बदलायची, हे काम वीस वर्षांपूर्वी कोणीतरी ट्रिगरवर सोपवलेलं असतं. नव्या डेटाबेसमध्ये रचना आणि ट्रिगर आधी उभे केले, खाती शिल्लकेसह भरली आणि मग व्यवहार भरायला घेतले, तर प्रत्येक जुना व्यवहार नवा समजून ट्रिगर पुन्हा शिल्लक बदलतो. ज्याच्या खात्यात १२,००० होते तिथे २४,००० दिसतात. डेटा भरताना ट्रिगर बंद ठेवायचे असतात हे जाणकाराला ठाऊक असतं, पण किती ट्रिगर आहेत आणि त्यांतला कोणता काय करतो ही यादीच नसेल तर एखादा चालू राहून जातो. प्रोसिजर तर ओळीओळीने वाचाव्यात. अमुक तारखेआधी उघडलेल्या ठेवींना जुनाच दर, अमुक शाखेला दंडव्याज नाही, असे अपवाद तिथे दडलेले असतात आणि त्यामागचा ठराव कोणाच्याही लक्षात नसतो. तो अपवाद नव्या प्रणालीत न्यायचा की नाही हा संचालकांचा निर्णय आहे, प्रोग्रामरचा नव्हे. म्हणून अंदाजात अशा निर्णयांसाठी बैठकांचे दिवसही धरावे लागतात.

डेटाबेसच्या बाहेर काय आहे, हे डेटाबेसला माहीत नसतं. एसएमएस पाठवणारा प्रोग्राम, रात्री चालणारी व्याज आकारणी, व्यवस्थापकाच्या संगणकावरची थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेल फाइल, लेखापरीक्षकासाठी वर्षातून एकदा निघणारा अहवाल. कोण कोण जोडलं जातं याची नोंद डेटाबेसकडून महिना-दोन महिने ठेवून घेता येते, आणि शक्य असेल तर त्या काळात ३१ मार्च यावा. वर्षअखेरीचे आणि लाभांशाचे प्रोग्राम एरवी झोपलेले असतात.

या सगळ्याआधी तारीख ठरली तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. टीएसबी ही बँक लॉइड्स समूहातून वेगळी झाली, २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती घेतली, आणि लॉइड्सची प्रणाली सोडून साबादेलच्या प्रणालीवर जायचं ठरलं. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी बावन्न लाख ग्राहकांचा कारभार हलवला गेला. सोमवार उजाडला तो गोंधळात. लोकांना खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांच्या खात्यांची माहिती दिसू लागली. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर लागला. नियामकांनी २०२२ मध्ये चार कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि ग्राहकांना भरपाईपोटी बँकेला तीन कोटी २७ लाख पौंड द्यावे लागले ते वेगळेच. विशेष म्हणजे डेटा नीट पोहोचला होता, असं नियामकांनीच नोंदवलं आहे. कोसळली ती त्याला वापरणारी प्रणाली. स्वतंत्र चौकशीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. शेवटची तारीख आधी धरून तिच्यापासून मागे मागे काम बसवत नेलं, जवळजवळ सगळं एकाच झटक्यात हलवलं, दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच पुरेशी चाचणी झाली, आणि तारीख पाळणं शक्य का आहे हे मंडळाने खोदून विचारलं नाही, अशी कारणं त्यात आहेत. आपल्याकडे स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका १ एप्रिल २०१७ रोजी विलीन झाल्या तेव्हा डेटा मात्र त्यानंतर एकेक बँक घेत टप्प्यांनी एकत्र केला गेला. सगळ्यांची कोअर बँकिंग प्रणाली एकच होती हा मोठा फायदा होताच, पण टप्पे पाडण्याचा निर्णयही तितकाच मोलाचा वाटतो मला.

पतसंस्थेने म्हणून तारखेच्या आधी रंगीत तालमी घ्याव्यात, पूर्ण डेटा घेऊन, आणि घड्याळ लावून. शनिवारी संध्याकाळी सातला डे-एंड झाला आणि सोमवारी सकाळी नऊला शाखा उघडायच्या, तर हातात अडतीस तास असतात. डेटा काढून, बदलून, भरायला एकतीस तास लागले आणि जुन्या-नव्या तेरजा जुळवायला पाच, तर उरले दोन. तेरीज जुळली म्हणजे झालं असंही नाही, कारण एका खात्यात जास्त आणि दुसऱ्यात तेवढंच कमी गेलं तरी ती जुळते. प्रकारवार खात्यांची संख्या, थकबाकीदारांची यादी आणि निवडक ठेवींवरचं दोन्ही प्रणालींनी काढलेलं व्याज हेही पाहावं लागतं. काही बिघडलं तर जुन्या प्रणालीवर परतायला दोन तास पुरणार नाहीत. अशा वेळी यंत्र मोठं घेण्याआधी डेटाकडे पुन्हा बघावं. बंद झालेली खाती आणि लेखापरीक्षण पूर्ण झालेल्या वर्षांचे व्यवहार आता बदलणार नसतात. ते आधीच्या आठवड्यांत सावकाश नेऊन, तपासून ठेवता येतात आणि त्या शनिवारी फक्त चालू वर्ष हलवायचं उरतं. हे काम एकतीस तासांवरून किती तासांवर येतं ते पुढच्या तालमीत मोजावं, परतीची तालीमही एकदा पूर्ण करून पाहावी, आणि त्यानंतर तारखेचा विषय मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.